जाब कोणी द्यावयाचा?

रविवारची पहिली मिस्सा आटोपून आम्ही शुक्रवार पेठेतील एका आजारी वृद्धास ख्रिस्तशरीर देण्यासाठी गेलो होतो. परतीच्या वाटेवर महात्मा फुले मंडई लागते. मंडईच्या बाहेरच्या बाजूस आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी पालेभाजी विकते. तिची विचारपूस करावी म्हणून आम्ही तिकडे वळलो. रविवार हा तिच्या धंद्याचा मोठा दिवस. त्यामुळे ती स्वतः शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला येते आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला रविवारी शेजारच्या कुटुंबाबरोबर धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठविते. वर्गाच्या हजेरीपटात त्या मुलीचा खाडा क्वचितच असतो. यंदा ती प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची तयारी करीत आहे.

या भगिनीची एक सवय आम्ही पूर्वीच पाहिली होती. दिवसाच्या पहिल्या विक्रीला मंडईत सर्वजण 'भवानी' म्हणतात. आमची ख्रिस्ती माणसेही तोच शब्द वापरतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. भवानीची नोट हाती आली की ती त्या नोटेसह कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना स्पर्श करून क्रुसाची खूण करते व मगच ती नोट पिशवीत टाकते. शेजारच्या गाळ्यावरील माणूस आपल्या पद्धतीने नोट डोळ्यांना लावतो, ही आपल्या पद्धतीने. दोघांनाही त्याचे काही विशेष वाटत नाही.

त्या दिवशी मेथीच्या जुड्या रचता रचता ती म्हणाली, "फादर, एक विचारू का? रागवायचं नाही."

"विचारा की, ताई."

"पोरीचं नाव घालायला आले तेव्हा तुम्ही म्हणाला होता, ताई, काळजी करू नका, धर्माचं आमच्यावर सोपवा. मी सोपवलं. आता पोरगी सगळं घडाघडा म्हणते, पण इंग्रजीत. परवा मी म्हटलं, याचा अर्थ काय गं? तर म्हणाली, आई, तुला नाही कळायचं. मग मला एक सांगा, फादर. उद्या देवापुढं हिचा जाब कोण देणार? तुम्ही का मी? आणि तुम्ही दिलात तर मी सुटले का?"

इतक्यात गिऱ्हाईक आले. जुडी केवढ्याला, दोन घेतल्या तर काय कमी करणार, अशी घासाघीस सुरू झाली आणि आम्ही निरोप घेऊन निघालो. खरे सांगावयाचे तर गिऱ्हाईक आले म्हणून आम्हांस हायसे वाटले. कारण तिच्या प्रश्नाला आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते, आणि 'आमच्यावर सोपवा' हे वाक्य आमचेच होते. ते आम्ही सद्भावनेने उच्चारले होते. निरक्षर, कष्टकरी माउलीच्या डोक्यावरील एक ओझे कमी करावे, एवढाच आमचा हेतू होता. परंतु ओझे उतरवून घेता घेता आम्ही तिच्या हातून आणखीही काही काढून घेतले होते, हे तिनेच आम्हांस दाखविले.

वाचकहो, हा प्रश्न त्या एका भगिनीचा नाही. आपल्यापैकी बहुतेक सर्व माता-पिता आपल्या मुलांचे धर्मशिक्षण दुसऱ्यांवर सोपवितात. शाळेवर, सिस्टरांवर, रविवारच्या वर्गातील शिक्षिकेवर, कधी आजी-आजोबांवर. सोपविणे हे पाप नव्हे. मूल पोहावयास शिकावे म्हणून आपण त्याला पोहणाऱ्याकडे पाठवितो, गाणे शिकावे म्हणून गवयाकडे पाठवितो. मग श्रद्धा शिकावी म्हणून धर्मगुरूकडे पाठविले तर बिघडले कोठे? बिघडले असेल तर ते नेमके कोठे, याचा शोध घ्यावा असे आम्हांस वाटते.

प्रथम ख्रिस्तसभा काय म्हणते ते पाहू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली बालकांच्या बाप्तिस्म्याचा सुधारित विधी आला. जुन्या विधीत बाळाच्या वतीने बोलण्याचा मान धर्ममातापित्यांकडे होता. नव्या विधीत जन्मदात्या आई-वडिलांना प्रथम स्थान मिळाले. बाप्तिस्मा मागताना आपण या मुलाला श्रद्धेत वाढविण्याची जबाबदारी पत्करीत आहोत, याची तुम्हांस जाणीव आहे ना, असा प्रश्न विधीच्या आरंभीच त्यांना विचारला जातो. आई-वडील 'होय' म्हणतात. बहुधा त्या वेळी बाळ रडत असते, फोटो काढणाऱ्याची घाई चालू असते, आणि ते 'होय' कोणाच्या फारसे ध्यानात राहत नाही. पण ते वचन आहे, आणि ते शाळेने किंवा धर्मग्रामाने दिलेले नाही.

परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जी घोषणा प्रसिद्ध केली, तिच्यातही माता-पिता हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक मानले आहेत. मात्र आमच्या प्रश्नाच्या अगदी जवळ येणारे विवेचन पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली कुटुंबाविषयी लिहिलेल्या 'फामिलियारिस कोन्सोर्सियो' या पत्रात सापडते. पत्राच्या ३६ व्या परिच्छेदात ते सांगतात की, पालकांचे हे कर्तव्य पूर्णपणे दुसऱ्यावर सोपविता येत नाही, आणि दुसऱ्या कोणी ते बळकावूही नये. सेमिनरीत असताना हे पत्र आम्हांस अभ्यासास होते. त्यातील पहिल्या अर्ध्या विधानावर आम्ही आजवर अनेक प्रवचने दिली. पालकांनो, तुम्ही हात झटकू शकत नाही, असे वेदीवरून बजावले. दुसऱ्या अर्ध्याकडे, म्हणजे बळकावू नका या सूचनेकडे, आमचे लक्ष मंडईत मेथीच्या ढिगासमोर उभे असताना गेले. ती सूचना पालकांसाठी नाही. ती आमच्यासारख्यांसाठी आहे.

'पूर्णपणे' हा शब्द मात्र नीट समजून घ्यावयास हवा. अंशतः सोपविता येते, तर मग कोणता अंश सोपवावा आणि कोणता ठेवावा? येथे मंडईचाच व्यवहार उपयोगी पडेल. एखादी बाई दुपारी घटकाभर घरी जाते, तेव्हा शेजारणीला सांगते, "जरा लक्ष ठेवा." शेजारीण भाजीवर पाणी शिंपडते, गिऱ्हाइकाला माल देते, पैसे घेते. परंतु कोणाला उधार द्यावयाचे, कोणते गिऱ्हाईक जुने व कोणाशी कसे बोलावयाचे, हे मालकिणीचे मालकिणीपाशीच राहते. आणि ती परत आली की पहिले काम कोणते? 'काय काय गेलं, किती आले?' ही विचारपूस. शेजारणीवर तिचा विश्वास नसतो म्हणून ती विचारीत नाही. माल तिचा आहे म्हणून विचारते. न विचारणारी मालकीण आम्ही मंडईत पाहिलेली नाही.

आता मुलाला रविवारच्या वर्गातून घरी आणणारे किती पालक 'आज काय शिकलास?' असे विचारतात? गणिताच्या शिकवणीत काय झाले ते विचारतात. चाचणीचे गुण तर दारातच विचारतात. धर्मवर्गाविषयी बहुधा एकच प्रश्न असतो : 'किती वाजता सुटणार?'

पवित्र शास्त्रात मूल दुसऱ्याच्या हाती सोपविणारी एक आई आहे, हन्ना. तिने शमुवेलाला दूध तुटताच शिलो येथील मंदिरात एली याजकाच्या स्वाधीन केले. याहून संपूर्ण सोपविणे ते कोणते? मूल घरीही राहिले नाही. तरीही शास्त्रकार एक लहानशी गोष्ट नोंदवून ठेवतो : ती दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून नेत असे. आम्ही हा भाग अनेक वेळा वाचला होता, पण त्या झग्याचा विचार कधी केला नव्हता. दरवर्षी झगा शिवावयाचा म्हणजे मूल किती वाढले असेल याचा अंदाज मनात सतत घ्यावा लागतो. गेल्या वर्षीचे माप यंदा चालत नाही. एलीने त्याला मंदिराची सेवा शिकविली, पुढे देवाची हाक ओळखावयासही शिकविले; झगा मात्र आईने शिवला. दुसऱ्या बाजूने पाहिले तर याच एलीचे स्वतःचे मुलगे बिघडले, आणि त्यांचे वर्तन ठाऊक असूनही त्याने त्यांना आवरले नाही, असा ठपका शास्त्राने त्याच्यावर ठेवला आहे. दुसऱ्याचे मूल उत्तम घडविणारा माणूस आपल्या घरी अपयशी ठरू शकतो. आम्ही धर्मगुरू तर मुलेबाळे नसलेली माणसे. आई-वडिलांना शिकविताना आमचा आवाज थोडा खाली असावा, हे एलीची गोष्ट वाचताना प्रकर्षाने जाणवते.

परंतु आपल्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण शोधण्यासाठी शिलोपर्यंत जाण्याची गरज नाही. ते पुण्यातच आहे, आणि त्याचे धागे मंडईपर्यंत येऊन पोहोचतात. मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झाली. योगायोग असा की, आपला पुणे धर्मप्रांतही त्याच वर्षी स्थापन झाला. ज्या जोतीराव फुल्यांचे नाव पुढे तिला मिळाले, त्यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणासाठी वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडईच्या आवारात लोकमान्य टिळकांचाही पुतळा आहे. हे दोन थोर पुरुष एका स्त्रीच्या बाबतीत परस्परविरुद्ध बाजूंना उभे होते. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुढे त्यांच्या शारदासदनावर टिळकांच्या 'केसरी'ने कडक टीका केली.

रमाबाई आपल्या कॅथलिक मंडळीतील नव्हत्या, त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन मंडळीत झाला. तरीही आई या नात्याने त्यांच्यापुढे जो पेच उभा राहिला, तो आपल्या सर्वांचा आहे. १८८३ साली त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वॉन्टेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्या उतरल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी तेथे बाप्तिस्मा घेतला. पुढच्या वर्षी रमाबाई चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात गेल्या, तेव्हा मनोरमेचा सांभाळ बराच काळ वॉन्टेजच्या सिस्टरांकडे होता. त्यांतील सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई पत्रांतून 'आजीबाई' म्हणत, इतका जिव्हाळा होता. आणि नेमका याच प्रेमळ आजीबाईंशी रमाबाईंचा वाद झाला, तो मनोरमेला कोणती श्रद्धा कशी शिकवावी यावरून. सिस्टरांचे म्हणणे, मंडळीची शिकवण आहे तशी मुलीला द्यावी. रमाबाई नवख्या आहेत, त्यांनी नम्रपणे ऐकावे. रमाबाईंचे म्हणणे, माझी बुद्धी आणि विवेक ज्या गोष्टीला अजून होकार देत नाही ती माझ्या मुलीच्या तोंडी घालण्यापूर्वी मला विचारले पाहिजे. ही पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आहेत.

सिद्धान्ताच्या दृष्टीने पाहावयाचे तर आम्ही अनेक मुद्द्यांवर सिस्टर जेराल्डिन यांच्या बाजूचे आहोत, हे लपविण्यात अर्थ नाही. रमाबाईंच्या त्या काळातील काही शंका आम्हांस मान्य होण्याजोग्या नाहीत. तरीही पत्रव्यवहाराचा विचार करताना आमचे मन आईकडे झुकते. ती परक्या देशात होती, दुसऱ्यांच्या आश्रयावर शिकत होती. मूल कोणाच्या छत्राखाली राहते याचे उपकार तिच्यावर होते. अशा स्थितीत बहुतेक माणसे गप्प बसतात. 'तुम्ही करता ते योग्यच असेल,' असे म्हणतात. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे वाद झाला म्हणून त्यांनी नाते तोडले नाही. १८८६ साली त्या मनोरमेला घेऊन अमेरिकेस गेल्या, परंतु कामाचा व्याप वाढला तेव्हा मुलीला पुन्हा त्याच सिस्टरांकडे वॉन्टेजला पाठविले. ज्यांच्याशी भांडलो त्यांच्याच हाती मूल देणे, हे दोन्ही बाजूंच्या मोठ्या मनाशिवाय होत नाही. प्रश्न विचारण्याने विश्वास मोडतो, असे जे आपणांस वाटते ते खरे नाही, याचा हा पुरावा होय.

नंतर चक्र उलटे फिरले. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. आता दुसऱ्यांच्या मुली त्यांच्या हाती होत्या. सदनात धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती नसावी असे ठरले होते. रमाबाईंनी सक्ती केली नाही. पण स्वतःची प्रार्थना त्या दार बंद करून करीत नसत, आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. १८९३ साली वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुलींना सदनातून काढून नेले. आपल्या पुस्तकांतून व प्रवचनांतून ही हकिगत सामान्यतः रमाबाईंवरील अन्याय म्हणून सांगितली जाते. त्यांच्यावर झालेल्या टीकेतील विखार अन्यायाचाच होता. पण मुली काढून नेणाऱ्या पालकांचे काय? 'माझ्या मुलीला तेथे काय शिकवितात?' हे विचारण्याचा त्यांना अधिकार होता. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच असे प्रतिपादन केले की, ख्रिस्ती नसलेल्या माता-पित्यांच्या मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा देणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. कारण समज येईपर्यंत मूल आई-वडिलांच्या छायेत जणू दुसऱ्या एका गर्भाशयात असते. जो अधिकार संत थॉमस परधर्मीयांना नाकारीत नाहीत, तो चेल्टनहॅममधील रमाबाईंना होता आणि १८९३ मधील पुण्याच्या पालकांनाही होता.

येथे आम्हांस एक विचित्र गोष्ट दिसते. आपली मुलगी श्रद्धेने कोठे चालली आहे, या चिंतेने ते पालक सदनाच्या दाराशी आले. आज आपल्या कॅथलिक शाळेच्या दाराशी येणारा कॅथलिक पालक कशासाठी येतो? प्रवेशासाठी, शुल्कासाठी, बसच्या मार्गासाठी. 'माझ्या मुलाला आपला धर्म कोण शिकविते, आठवड्यातून किती वेळा, कोणत्या पुस्तकातून?' हे विचारणारा पालक विरळा. 'शाळा मिशनची आहे' एवढ्याने तो निश्चिंत होतो. वस्तुतः आपल्या बहुतेक शाळांत कॅथलिक मुले मूठभर असतात. भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार सरकारमान्य वा सरकारी साह्य घेणाऱ्या संस्थेत कोणासही त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात भाग घ्यावयास लावता येत नाही. ही व्यवस्था न्याय्य आहे. तिच्यामुळे शाळेच्या वेळापत्रकात सर्वांसाठी नीतिशिक्षण असते आणि कॅथलिक मुलांसाठी असलाच तर एखादा वेगळा तास. ख्रिस्तसभेचा १९८३ चा कायदाही (कलम ७९८) पालकांस सांगतो की, मुले कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळांत घाला, आणि ते जमत नसेल तर शाळेबाहेर त्यांच्या धर्मशिक्षणाची सोय झाली आहे याची खात्री तुम्हीच करा. म्हणजे दोन्ही कायदे, देशाचा आणि ख्रिस्तसभेचा, बोट दाखवितात ते पालकाकडेच.

त्या भगिनीच्या तक्रारीतील आणखी एक शब्द आमच्या मनात सलतो आहे : 'इंग्रजीत'. आपली मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, म्हणून वर्गही इंग्रजीत घेणे सोयीचे होते. पुस्तके मिळतात, शिक्षिका मिळतात. पण ज्या घरात 'हे आमच्या बापा' मराठीत म्हटले जाते, त्या घरातील मूल परमेश्वराविषयी सर्व काही दुसऱ्या भाषेत शिकून आले, की घराची प्रार्थना त्याला अडाण्यांची वाटू लागते. मुलीने आईला 'तुला नाही कळायचं' म्हटले ते उद्धटपणे नव्हे. आम्हीच तिला तसे शिकविले होते, एक शब्दही न बोलता. चारशे वर्षांपूर्वी फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज येशूसंघीय गोव्यात आला आणि त्याने नव्या ख्रिस्ती लोकांसाठी ओवीबद्ध मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले; ते १६१६ साली छापले गेले. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या कुटुंबांना आपल्या नव्या श्रद्धेचेही ऐकण्याजोगे काही हवे, हे त्याने ओळखले होते. इंग्रज माणसाने जे मराठीत आणले, ते आम्ही मराठी माणसे पुन्हा इंग्रजीत नेऊन ठेवीत आहोत, आणि मग घराघरांत प्रार्थना का होत नाही म्हणून प्रवचने देत आहोत!

पुष्कळ पालक आम्हांस म्हणतात, "फादर, आम्हांलाच काही येत नाही, तर मुलांना काय शिकविणार?" यात खोटे काही नाही. त्रैक्याचे रहस्य, सात संस्कार, मोशेच्या दहा आज्ञांचा अर्थ, हे नीट समजावून सांगण्यास अभ्यास लागतो, आणि त्यासाठीच तर वर्ग आहेत. हा अंश निःशंकपणे सोपवावा. परंतु वर्गातील शिक्षिका मुलाला फार तर असे सांगू शकते की, ख्रिस्तसभा अमुक मानते. 'आपल्या घरी आपण हे मानतो' असे ती सांगू शकत नाही. ते 'आपण' आई-वडिलांच्या तोंडूनच यावयाचे. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा आईने काय केले, आजोबा वारले त्या रात्री बाबा कोणापुढे गुडघ्यांवर आले, भावाशी भांडण झाल्यावर पहिला फोन कोणी केला, हे कोणत्याही पुस्तकात नसते आणि मूल ते कधी विसरत नाही. यासाठी अक्षरओळखही लागत नाही. उलट सुशिक्षित घरांतच ही अडचण अधिक दिसते; वाणी शुद्ध, पदवी मोठी, पण मुलाने पालकांना प्रार्थना करताना कधी पाहिलेलेच नाही. अशा घरातील मूल वर्गात येते तेव्हा त्याच्या दृष्टीने धर्म हा दहावीला नसलेला एक विषय असतो. मिश्र विवाह झालेल्या घरांची गोष्ट थोडी निराळी आहे, तीवर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. मात्र काही वेळा आम्ही असेही पाहिले आहे की, पती हिंदू असलेल्या घरात कॅथलिक आई विशेष जागरूक असते, कारण दुसरे कोणी करील अशी आशा तिला नसते.

तेव्हा त्या मंडईतील भगिनीला आम्ही दोषी धरावे काय? ती रविवारी वर्गात येऊन बसत नाही. येऊ शकत नाही. पोट तिला सुटी देत नाही. आम्हांस येथे मरिया व योसेफ यांची आठवण होते. यरुशलेमहून परतताना बाळ येशू सोबतच्या मंडळींत असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले. येशूची आई आणि पालक पिता, तेही सोबत्यांवर विसंबले! शास्त्र त्यांना त्याबद्दल दोष देत नाही. नातलगांच्या तांड्यात मूल सोडणे हे त्या काळी रीतीला धरूनच होते. पण संध्याकाळ होताच त्यांनी शोध घेतला, आणि तो न सापडल्यावर 'तांड्यातल्या लोकांनी लक्ष ठेवावयास हवे होते' असे न म्हणता स्वतः मागे फिरले. तीन दिवसांनी मुलगा मंदिरात सापडला. तेथेही पंडितांशी त्याची उत्तम चर्चा चालली आहे हे पाहून आई 'बरे झाले, चांगल्या हाती आहे' म्हणून परतली नाही. आम्ही कष्टी होऊन तुला शोधीत होतो, असे तिने त्याला सर्वांदेखत सांगितले. मुलगा पंडितांच्या हाती असला तरी आईचा प्रश्न आईचाच राहिला.

त्या भगिनीने हेच केले होते. दिवसाच्या शेवटी तिने मुलीला विचारले, 'याचा अर्थ काय गं?' आमच्या यादीतील कित्येक पदवीधर पालकांनी जे केले नाही ते तिने केले. शोध तिने घेतला, आणि तिला दार बंद आढळले, ते आम्ही लावलेले होते.

पुढच्या आठवड्यात, दुपारची गर्दी ओसरल्यावर, आम्ही पुन्हा मंडईत गेलो. तिला म्हटले, "ताई, तुमच्या प्रश्नाचा आम्ही विचार केला. जाब दोघांनाही द्यावा लागेल. आम्ही दिला म्हणून तुम्ही सुटणार नाही, तुम्ही दिला म्हणून आम्हीही सुटणार नाही."

तिला हे उत्तर फारसे पसंत पडले असे दिसले नाही. कोथिंबिरीवर पाणी शिंपडीत ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं. तुमचा तुम्ही द्या, माझा मी देईन. पण फादर, तुम्ही काय शिकवता ते मला आधी कळू तरी द्या."

तेव्हापासून आमच्या वर्गात प्रत्येक धड्याचा मराठीत एका पानाचा सारांश मुलांबरोबर घरी जातो, आणि खाली एक प्रश्न असतो तो मुलाने आई-वडिलांना विचारावयाचा. मंडईत दुपारी दोनच्या सुमारास गिऱ्हाईक कमी असते. शाळेला सुटी असली की त्या वेळी ती मुलगी गोणपाटावर बसून आईला ते पान वाचून दाखविते. पहिल्या पानावरील प्रश्न असा होता : 'आई, तू प्रार्थना कधी करतेस?' मुलीने खाली आईचे उत्तर मोडक्या अक्षरांत लिहून आणले : 'भवानीच्या वेळी.' आमच्या तरुण शिक्षिकेला त्याचा अर्थ लागेना. तो तिला त्या मुलीनेच समजावून सांगितला, आणि मराठीत.